परवाना कोणाचा? ज्याची गाडी त्याचा!

सुखवस्तू घरातील तरुणाला मोटार चालविण्याचा परवाना म्हणजे पाकिटातील आणखी एक कार्ड. सुगी संपल्यावर गावात काम न उरलेल्या शेतमजुराच्या मुलाला मात्र तो भाकरीचा दाखला असतो. रिक्षा, टेम्पो, मालट्रक, शाळेची गाडी. जमीन नसलेल्यांना उघडा असलेला हा एक दरवाजा. त्यावर कायद्याने कोणती कडी घातली आहे, हे एकदा नीट पाहिले पाहिजे.

कायद्याची भाषा वरवर निःपक्षपाती आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्याखालील केंद्रीय नियम १९८९ चे. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. तो मिळाल्यावर किमान तीस दिवस गेल्याशिवाय चाचणीस बसता येत नाही. २०१६ च्या अखेरीस चाचणीची फी तीनशे रुपये ठरविण्यात आली. येथवर तक्रार करावी असे फारसे काही नाही. ग्यानबाची मेख आहे ती पंधराव्या नियमात. ज्या प्रकारचा परवाना हवा, त्या प्रकारचे चालू स्थितीतील वाहन उमेदवाराने स्वतः हजर करावयाचे आहे! ज्याच्यापाशी मोटार नाही, त्याने मोटार चालविण्याची लायकी सिद्ध करण्यासाठी आधी मोटार पैदा करावी, असा हा न्याय आहे.

ती तो कोठून आणणार? मोटार ड्रायव्हिंग स्कूलकडून. दलालाचा जन्म येथे होतो. अवजड वाहनाच्या बाबतीत तर कायदाच त्याला तिकडे पाठवितो. वय वीस, हलक्या वाहनाचा परवाना वर्षभर जवळ असलेला, आणि वर प्रशिक्षण शाळेचे प्रमाणपत्र. मध्यमवर्गीय वृत्तपत्रे अधूनमधून ‘दलाल हटवा’ म्हणून गर्जना करतात. दलाल ज्या नियमावर पोसला जातो, त्या नियमाविषयी मात्र त्यांचे मौन असते.

गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंच्याचे उदाहरण घ्यावे. तेथून जिल्ह्याचे ठिकाण दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. चाचणीसाठी तेथवर जायचे, तर बुडालेली मजुरी, प्रवास आणि भाड्याची गाडी यांच्यापुढे तीनशे रुपयांची फी म्हणजे किरकोळ बाब ठरते. शिकाऊ परवान्याची परीक्षा २०२१ पासून महाराष्ट्रात आधारच्या आधाराने घरबसल्या देता येते, हे खरे. पण ज्याच्या घरी संगणक नाही, त्याची परीक्षा नाक्यावरच्या दुकानात होते, आणि दुकानदार फुकट बसत नाही.

दिल्लीने यावर उपाय काढला तोही २०२१ मध्येच. मान्यताप्राप्त खाजगी प्रशिक्षण केंद्रे निघावीत आणि तेथून उत्तीर्ण होणाऱ्यास सरकारी चाचणी माफ असावी! हलक्या वाहनांच्या केंद्रासाठी किमान एक एकर जागा हवी, अवजड वाहनांसाठी दोन एकर. एवढी जमीन शहराजवळ कोणाच्या हाती असते, हे सांगावयास नको. शिवाय जो फी घेऊन शिकवितो तोच उत्तीर्ण करणार, मग नापास कोण आणि कशासाठी करील? सरकारी निरीक्षकाच्या लाचखोरीवर हा उतारा असल्याचे सांगतात. लाच बंद होऊन तिची फी होणे, यास सुधारणा म्हणता येत नाही.

यंत्राचा पर्याय निराळा आहे, हे मान्य केले पाहिजे. पुण्याजवळ भोसरीला मोटारीची चाचणी संगणकीय मार्गावर होते, आणि यंत्र हात पसरीत नाही. परंतु कोणत्या खांबापाशी चाक किती वळवावे एवढेच घोकून आलेला उमेदवार घाटातील उतारावर ट्रक सांभाळील काय? २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. अपघात झाला की कोठडीत जातो चालक. त्याला घाईघाईने गाडीवर बसविणारा मालक आणि शिकविण्याचे नाटक करणारी शाळा घरी असतात.

राज्य परिवहन महामंडळाची सुमारे अडीचशे आगारे महाराष्ट्रभर पसरलेली आहेत. चालकांना प्रशिक्षण देण्याचा अनुभव महामंडळास आहे, गाड्या आहेत, जागाही आहे; त्या जागांवर व्यापारी संकुले उभारण्याच्या योजना तेवढ्या सुचतात. तालुक्याच्या आगारात सरकारी गाडीवर शिकवावे, परीक्षा घेणारा मात्र परिवहन खात्याचा, वेगळा असावा, आणि पंधराव्या नियमातील ती अट भूमिहीन व बेरोजगार उमेदवारांपुरती तरी रद्द व्हावी, ही मागणी चालक-मालकांच्या नव्हे, चालकांच्या संघटनांनी आता विधानभवनाच्या दारात नेली पाहिजे.