‘बेंतो’ म्हणजे सोय

आपण ‘डबा’ म्हणतो तेव्हा भांड्याचे नाव आतील जेवणाला मिळालेले असते. जपानी भाषेत मात्र बरोबर न्यावयाच्या जेवणाला त्याच्या गुणावरून नाव पडले आहे. ‘बेंतो’ हा शब्द मूळ चिनी असून दक्षिण सुंग राजवटीच्या काळी तेथील बोलीत त्याचा अर्थ ‘सोयीचे’ असा होता, असे सामान्यतः मानतात. तो जपानात गेला आणि १८९५ ते १९४५ या काळात तैवान जपानच्या अंमलाखाली असताना, जेवणाचा नवा अर्थ घेऊन, तेथील चिनी भाषेत परतला. जणू सासरी गेलेली लेक माहेरी आली!

सोय कोणाची, असे कोणी विचारील. प्रथम ती प्रवाशांची व सैनिकांची होती. शिजवून वाळविलेला भात ते जवळ बाळगीत आणि पाण्यात भिजवून किंवा तसाच खात. पुढे एदो काळात (१६०३–१८६८) नाट्यगृहात दोन अंकांच्या मधल्या वेळी खाण्याचा बेंतो निघाला. त्याचे ‘माकुनोउचि’ हे नाव त्या पडद्यावरूनच आले आहे.

परंतु हा डबा शाळेत पोहोचला, तेव्हा एकाची सोय दुसऱ्याचा संकोच ठरू लागली. झाकण उघडताच घरची स्थिती चारचौघांत उघडी पडे. एकाच्या डब्यात मासा व अंडे, तर दुसऱ्याच्या डब्यात पांढऱ्या भाताच्या मधोमध खारविलेले एकच तांबडे, आंबट फळ. राष्ट्रध्वजाशी असलेल्या साम्यामुळे त्याला ‘हिनोमारू बेंतो’ म्हणत. काही मुलांजवळ तर डबाच नसे. म्हणून पहिल्या महायुद्धानंतर शाळेत डबा आणण्याची प्रथाच बंद करावी, अशी मागणी पुढे आली.

उपाय मात्र त्याआधीच सुचलेला होता. १८८९ साली त्सुरुओका येथील एका शाळेने गरीब मुलांना भाताचे गोळे, खारविलेला मासा व लोणचे विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. १९५४ साली जपानने शालेय भोजनाचा कायदा केला. आज तेथील बहुतेक प्राथमिक शाळांत मुले एकच जेवण एकत्र बसून घेतात आणि वाढण्याचे कामही पाळीपाळीने स्वतःच करतात.

बेंतो मात्र नाहीसा झालेला नाही. सहलीच्या दिवशी आया तो आजही हौसेने भरतात. आपणही मुलांचा डबा भरताना शेजारी बसणाऱ्या सोबत्यासाठी एक घास अधिक ठेवला, तर ‘सोय’ या शब्दाचा अर्थ अधिक पूर्ण होईल.