मोटारसायकलची शेपटी

दोस्तांनो, उसाच्या हंगामात साखर कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टरमागून डुलत जाणाऱ्या ट्रॉल्या तुम्ही पाहिल्या असतील. पण मोटारसायकलच्या मागे ट्रॉली? हसू नका! अमेरिकेत लांबच्या सफरीला निघणारी कितीतरी जोडपी अशीच जातात. पुढे धिप्पाड मोटारसायकल, मागे दोन चाकांवरची पेटी. पेटीत तंबू, भांडी, कपडे, सगळा संसार. या पेटीला म्हणायचं ट्रेलर आणि तो जिथे अडकवतात त्या लोखंडी भागाला हिच.

या हौशी मंडळींची लाडकी गाडी म्हणजे होंडा कंपनीची गोल्ड विंग. 1975 साली ती आली तेव्हा तिला चार सिलिंडर होते. 1988च्या मॉडेलला सहा झाले आणि 2001च्या मॉडेलला इंजिन मिळालं 1832 सीसीचं. आपल्या शेजारच्या काकांची 100 सीसीची गाडी आठवा, म्हणजे अंदाज येईल! वजन पावणेचारशे किलोच्या आगेमागे.

आता खरी गोम ऐका. एवढी ताकदवान गाडी, पण तिच्या माहितीपुस्तिकेत कंपनीने बजावलंय की हिला ट्रेलर जोडू नका, गाडी त्यासाठी बनवलेली नाही. तरी लोक जोडतातच. मग हिच येतो दुसऱ्या कारखान्यातून आणि तो नीट निवडायची, नीट बसवायची जबाबदारी येते चालवणाऱ्याच्या गळ्यात. पाठीमागे घरचं माणूस बसलेलं असतं, तेव्हा ही जबाबदारी काही लहान नाही.

मोटारीला चालणारा हिच मोटारसायकलला का चालत नाही? सायकलवर वळण घेताना तुम्ही काय करता? आतल्या बाजूला झुकता. मोटारसायकलही तशीच झुकते. मागचा दोन चाकांचा ट्रेलर मात्र रस्त्याला चिकटून सरळच राहतो. म्हणजे एक आडवा होऊ पाहतोय आणि दुसरा ताठ! हिचवर लोखंडी गोळा असतो आणि ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाला तो गिळणारी वाटी. गोळा वाटीत थोडा फिरतो, पण थोडाच. म्हणून मोटारसायकलच्या ट्रेलरच्या दांड्यात आणखी एक फिरता सांधा घालतात. त्यामुळे गाडी कितीही झुकली, अगदी आडवी पडली, तरी दांडा पिळवटत नाही. एकाच चाकाचे ट्रेलरही असतात. ते मात्र गाडीबरोबरच झुकायला हवेत, म्हणून त्यांना हा फिरता सांधा अजिबात चालत नाही. आधी ट्रेलर कोणता ते ठरवायचं, मग हिच.

गोळ्याच्या मापातही एक सापळा आहे. अमेरिकेत दोन मापं सर्रास दिसतात. एक पावणेदोन इंचांहून जरा मोठं, 47.6 मिलिमीटर, दुसरं दोन इंच, म्हणजे 50.8. फरक किती? जेमतेम तीन मिलिमीटर. लहान गोळ्यावर मोठी वाटी ठेवली तर छान बसल्यासारखी दिसते, कडीही लागते. अंगणात काहीच कळत नाही. कळतं ते रस्त्यावर, खड्ड्यात दणका बसला आणि वाटी उडाली की! म्हणून गोळ्यावर कोरलेलं माप वाचायचं, डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. वर दोन साखळ्या लावायच्या, त्याही दांड्याखालून एकमेकींवर फुली मारून. दांडा सुटलाच, तर त्या फुलीच्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही.

बसवताना हिच गाडीच्या मूळ सांगाड्याला, म्हणजे चासीलाच धरायला हवा. मडगार्डला किंवा सामानाच्या कॅरियरला लटकवलेला हिच म्हणजे खिळ्याऐवजी पताकेच्या दोरीला शर्ट टांगण्यासारखं. म्हणून नेमक्या त्याच मॉडेलसाठी बनवलेला हिच घेतात. मागच्या पेट्या उतरवायच्या, सगळे बोल्ट आधी हातानेच सैलसर लावायचे, हिच सरळ आहे ना ते बघायचं आणि मगच पाना हातात घ्यायचा. पहिलाच बोल्ट करकचून आवळला, तर बाकीची भोकं जुळत नाहीत. मग माणसं पहारीने रेटतात आणि लोखंडात कायमचा ताण राहतो. पानाही साधा नको, किती जोर लावला ते दाखवणारा टॉर्क रेंच हवा. छोटी फेरी मारून आलं की बोल्ट पुन्हा तपासायचे.

ट्रेलरच्या दिव्यांची तार गाडीच्या दिव्याच्या तारेला नुसती पिळून जोडायची नाही. ट्रेलरच्या दिव्यांना वीज फ्यूजमधून थेट बॅटरीची द्यायची आणि गाडीच्या तारेने एका रिलेला फक्त इशारा करायचा. नाहीतर गाडीच्या नाजूक वायरिंगवर दुप्पट भार येतो.

आता सामान भरू. ज्यांच्या गावी बैलगाडी आहे, त्यांना ‘गाडी उलाळ झाली’ म्हणजे काय ते सांगायला नको. मागे ओझं जास्त झालं की जू वर उचलतं. ट्रेलरचंही तेच. फूटपट्टी पेन्सिलीवर आडवी ठेवा, पेन्सिल म्हणजे आस. नाणी पुढे-मागे सरकवा आणि पट्टीचं पुढचं टोक बघा. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा भाग गोळ्यावर पडायला हवा. ट्रेलर सामानासकट 100 किलोचा असेल, तर 10 किलो. दांड्याखाली वजनकाटा ठेवून हे घरीच मोजता येतं. कमी पडला, तर वेगात ट्रेलर कुत्र्याच्या शेपटीसारखा हलू लागतो आणि शेपटीच कुत्र्याला हलवते! फार जास्त पडला, तर मोटारसायकलचं पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल ऐकत नाही. म्हणून जड वस्तू आसाच्या जरा पुढे, खाली.

ब्रिटनमध्ये यावर कायदाच आहे. गाडी 125 सीसीहून मोठी हवी, ट्रेलरची रुंदी एक मीटरच्या आत हवी. भरलेल्या ट्रेलरचं वजन 150 किलो किंवा मोटारसायकलच्या वजनाच्या दोन तृतीयांश, यांपैकी जे कमी असेल त्याहून जास्त नको. 180 किलोची मोटारसायकल असेल तर किती? करा तोंडी गणित. 120, बरोबर! आणि गोल्ड विंग असेल तर? तिचे दोन तृतीयांश अडीचशे किलो होतात, पण परवानगी 150चीच.

जाता जाता एक मजा सांगतो. गोल्ड विंगला 1988च्या मॉडेलपासून रिव्हर्सची सोय आहे. पण ट्रेलर लावून मागे जाताना हँडल उजवीकडे वळवलं, की ट्रेलर निघतो डावीकडे! त्यामुळे बरेचजण सरळ खाली उतरतात, ट्रेलर सोडवतात आणि हाताने ढकलत नेऊन जागेवर लावतात.