डब्यावरचा आकडा

फराळ, फटाके आणि कपडे यांवरून दिवाळीत घरोघर जी भांडणे होत, त्यांत आता चौथ्या वस्तूची भर पडली आहे, हे चतुर वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. ती वस्तू म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचे यंत्र. आमच्या चिरंजीवांच्या मराठीत त्याला 'कन्सोल' म्हणतात. या विषयाचे आमच्या घरी दोन अधिकारी पुरुष आहेत. चिरंजीव कट्टर एक्सबॉक्सपक्षीय, तर माझा पुतण्या प्लेस्टेशनचा अभिमानी. पुतण्याने शिकवण्या करून दोन वर्षे पैसे साठवले आहेत, आणि ते कशावर उधळायचे यावर सध्या रोज परिषद भरते. ऐकणाऱ्याला वाटावे, पोरे उगीच शब्दाला शब्द वाढवताहेत. पण जरा कान देऊन ऐकावे. वाण्याच्या दुकानात आपण ज्या गोष्टींवरून हुज्जत घालतो, त्याच या वादात निघतात.

पहिली हुज्जत मापाची. खेळ यंत्रात साठवावा लागतो आणि त्याला लागणारी जागा गिगाबाइटांत मोजतात. १९८५ सालचा 'सुपर मारियो ब्रदर्स' अवघ्या ४० किलोबाइटांत मावत होता. सकाळी मोबाइलवर येणारे शुभेच्छांचे एखादे चित्रही त्याहून जड असते! उलट २०१९ सालचा 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर' भर पडता पडता दोनशे गिगाबाइटांच्या पुढे गेला. आता यंत्राची कोठी पाहा. 'प्लेस्टेशन ५' २०२० साली निघाले, त्याची जागा ८२५ गिगाबाइट सांगितली होती. यंत्राचा स्वतःचा कारभार वजा जाता खेळणाऱ्याच्या हाती सुमारे ६६७ उरत. त्याच वर्षीच्या 'एक्सबॉक्स सीरीज एस'चे सांगायचे ५१२ आणि हाती यायचे सुमारे ३६४. ज्यांनी सदनिका घेतली आहे त्यांना कार्पेट आणि बिल्टअप यांतला फरक मी पामराने काय सांगावा?

बरे, जागा अपुरी पडली तर? 'सीरीज एस' निघाले तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत ३०० डॉलर होती. त्याला जोडायचे एक हजार गिगाबाइटांचे खास कार्ड २२० डॉलरांचे. हा हिशेब आमच्या सौभाग्यवतींच्या कानी गेला. करंज्यांचे सारण ढवळता ढवळता त्या म्हणाल्या, "म्हणजे कपाट तीनशेचे आणि त्याचा एक जादा कप्पा सव्वादोनशेचा?"

"आई, त्याचा वेग बघ ना!" चिरंजीव कळवळून म्हणाले.

वेगाचा मुद्दा खोटा नाही. जुन्या फिरत्या तबकडीवरून हे नवे खेळ चालत नाहीत. त्यांना वेगवान साठवण लागते आणि ती महाग असते. पण खरी गोम निराळीच आहे. सुरुवातीला ते कार्ड एकाच कंपनीचे मिळत होते. २०२३ साली दुसऱ्या कंपनीचे कार्ड बाजारात आले मात्र, भाव दीडशे डॉलरांच्या घरात उतरला. पुतण्याने लगेच मिशीवर ताव दिला (मिशी अजून नीट फुटायची आहे), कारण प्लेस्टेशनने २०२१ च्या सप्टेंबरपासून ठरावीक वेगाची कोणाचीही साठवण चालवून घेतली. त्यावर चिरंजीवांनी जुनी वही काढली. याच सोनीने २०१२ साली अमेरिकेत 'व्हिटा' हे हातात धरायचे यंत्र विकायला काढले, तेव्हा स्वतःचेच कार्ड घ्यायला लावले होते, आणि त्यातले ३२ गिगाबाइटांचे शंभर डॉलरांना विकले होते. सारांश, गळ्यात माळ कोणाच्याच नाही.

निन्टेन्डोची तऱ्हा तर आणखी गमतीची. २०२५ च्या जूनमध्ये निघालेल्या 'स्विच २' मध्ये २५६ गिगाबाइट जागा आहे. २०१७ च्या पहिल्या 'स्विच'मध्ये ३२ होती. आठपट! पण जुन्या यंत्रातली कार्डे यात खेळ साठवायला चालत नाहीत, 'एक्सप्रेस' जातीचीच लागतात. शिवाय काही खेळांच्या डबीत खेळ नसतोच, नुसती किल्ली असते. खेळ इंटरनेटवरून उतरवून आपल्याच कोठीत ठेवायचा, आणि खेळताना किल्ली घालायची. दिवाळीला कोणी फराळाचा डबा धाडावा, आपण तो उघडावा, तर आत चिठ्ठी: 'चकल्या आमच्या घरून घेऊन जाणे, डबा आपला आणणे.' न्यायाने हेही सांगतो, की ही किल्ली मित्राला उसनी देता येते, विकताही येते; निव्वळ उतरवून घेतलेल्या खेळाबाबत तेवढी सोय सहसा नसते. पण साठवणीचा खर्च दुकानदाराच्या खांद्यावरून गिऱ्हाइकाच्या खांद्यावर आला तो आलाच.

नावांविषयी फार लिहीत नाही. नाव ठेवणे सोपे आणि नावे ठेवणे त्याहून सोपे. सोनी बिचारी एक, दोन, तीन, चार, पाच असे शाळकरी पाढे म्हणते. मायक्रोसॉफ्टच्या घरी पहिले अपत्य 'एक्सबॉक्स', दुसरे '३६०' आणि २०१३ साली जन्मलेल्या तिसऱ्याचे नाव 'वन'! पुढे 'वन एक्स' आले आणि मग 'सीरीज एक्स'. नातवासाठी दुकानात गेलेल्या आजोबांनी यातले कोणते मागावे? निन्टेन्डोच्या 'वी' या यंत्राचे दहा कोटींहून अधिक नग खपले. २०१२ मध्ये त्याचा वारस आला 'वी यू'. पुष्कळांना वाटले, हे जुन्याच यंत्राचे काही उपांग असावे. खपले एक कोटी छत्तीस लाखांच्या आत. नावानेच सारे बुडवले असे मी म्हणणार नाही, पण हातभार लावला खास.

आता उरले परीक्षक. २००७ साली जेफ गर्स्टमन या अमेरिकी समीक्षकाने 'केन अँड लिंच' या खेळाला दहापैकी सहा गुण दिले. ज्या 'गेमस्पॉट'वर तो लिहीत होता, तिथेच त्या खेळाच्या जाहिराती झळकत होत्या. त्याची नोकरी गेली. जाहिरातदारांचे दडपण होते, हे त्याने २०१२ मध्ये उघड सांगितले. डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' आला. परीक्षकांना आधी दिली ती संगणकावरची प्रत. गुणांची खैरात झाली. जुन्या 'प्लेस्टेशन ४' वर मात्र तोच खेळ अडखळे आणि बंद पडे. आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि लोकांचे पैसे परत देऊ केले. परीक्षक लबाड नव्हते, त्यांच्या पानात वाढलेली आमटी निराळी होती. म्हणून पुतण्याला मी एवढेच विचारायला शिकवले आहे, की हे गुण कोणत्या यंत्रावर खेळून दिले?

गुणांना पोटाचाही प्रश्न चिकटलेला असतो. २०१० सालचा 'फॉलआउट: न्यू व्हेगस' हा खेळ करणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीला, मेटाक्रिटिकवरील गुणांची सरासरी ८५ झाली तर बक्षिसी मिळायची होती. सरासरी आली ८४. कंपनीच्याच एका भागीदाराने ही गोष्ट २०१२ मध्ये सांगितली.

"एका परीक्षकाने थोडे सढळ हाताने दिले असते तर काय बिघडले असते?" चिरंजीव म्हणतात.

"मग ते गुण कसले? काका, तुम्हीच सांगा," पुतण्या म्हणतो.

माझा कौल पुतण्याकडे आहे. चिरंजीव दोन दिवस माझ्याशी बोललेले नाहीत.