खेळातली खाण

जमीन खणण्याची हौस मनुष्याला बालपणापासून असते. समुद्रकाठी वाळू दिसली, की मूल ओंजळीने खळगा करू लागते आणि तळाशी पाणी झिरपेपर्यंत त्याचे हात थांबत नाहीत. ‘माइनक्राफ्ट’ हा संगणकावरील खेळ याच हौसेवर उभा आहे. स्वीडन देशात तयार झालेला हा खेळ २०११ साली पूर्ण स्वरूपात लोकांपुढे आला. त्याचा एक ‘शांत’ प्रकार आहे. त्यात अंगावर चालून येणारे राक्षस नसतात व भूकही लागत नाही. हाती टिकाव घेऊन जमिनीच्या पोटात उतरावे आणि सावकाश खणीत राहावे, एवढेच काम!

या खेळाचा पहिला गुण असा, की तो श्रमाचा क्रम शिकवितो. प्रारंभी खेळणाऱ्याजवळ काहीच नसते. झाड तोडून लाकडी टिकाव करावा, त्याने दगड फोडावा, दगडी टिकावाने लोखंडाचे खनिज काढावे, ते भट्टीत वितळवावे आणि मग लोखंडी टिकावाने हिरा खणावा, अशी ही शिडी आहे. तिच्या पायऱ्या चढताना हत्यारे झिजतात, मशालींचा साठा संपतो, अंधारात परतीची वाट चुकते. म्हणून शहाणा खेळाडू घाई करीत नाही; वाटेत खुणा ठेवीत जातो.

दुसरा गुण विसाव्याचा. येथे प्रतिस्पर्धी नाही, घड्याळाचा धाक नाही, हार नाही. अभ्यासाने शिणलेले मन अशा संथ कामात निवते, यात नवल नाही.

परंतु याच गुणाच्या पोटी एक दोष दडलेला आहे. ज्या खेळात हार नाही, त्यात शेवटही नाही. या जगाच्या मध्यापासून प्रत्येक दिशेला सुमारे तीन कोटी ठोकळ्यांएवढी भूमी पसरलेली आहे. ‘आणखी थोडेसेच’ असे म्हणत खणणाऱ्याची सायंकाळ केव्हा सरते, हे त्याला कळतही नाही. विसाव्यासाठी घेतलेला खेळ मग विसावाच हिरावून नेतो.

दुसरा दोष याहून खोल आहे. या खाणीत दगडाचे छत कधीही कोसळत नाही. एक घनमीटरचा सोनेरी ठिपक्यांचा ठोकळा फोडून भट्टीत घातला, की सोन्याची अखंड लगड हाती येते. खऱ्या खाणीची कथा वेगळी असते. कर्नाटकातील कोलारची सोन्याची खाण तीन किलोमीटरांहून अधिक खोल गेली होती. तेथील तळाचा खडक अंग भाजेल इतका तप्त असे आणि कधीकधी वरच्या दाबाने तो अकस्मात फुटत असे. टनभर खडक फोडून दळावा, तेव्हा त्यातून काही ग्रॅम सोने निघे. २००१ साली ती खाण बंद झाली. परंतु दळलेल्या खडकाचे डोंगर अद्याप त्या गावापाशी उभे आहेत. खेळातल्या खाणीत घाम नाही, धूळ नाही, खाली उतरलेल्या माणसाची घरी वाट पाहणारे कोणी नाही.

म्हणून हा खेळ टाकाऊ ठरतो काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. चित्रातील नदी पाय भिजवीत नाही, म्हणून कोणी चित्र फाडून टाकीत नाही. मात्र चित्रालाच नदी समजू नये, एवढे भान हवे. खेळून झाल्यावर, घरातल्या विजेच्या तारेतील तांबे किंवा चुलीवरच्या तव्यातील लोखंड कोणी व किती कष्टाने जमिनीबाहेर काढले असेल, असा प्रश्न ज्या मुलाच्या मनात उभा राहील, त्याची ती घटका सार्थकी लागली. खेळातली खाण त्याला विसावा देईल आणि खरी खाण त्याला श्रमिकांविषयी आदर शिकवील.