विश्लेषण : घर एक, नोकरदार महिला दोन, मग हक्क वेगळे का? ‘इंटरसेक्शनल’ स्त्रीवाद काय सांगतो?

मुलुंड किंवा घाटकोपरच्या टॉवरमधील एखादे घर. तिथली महिला सकाळी अंधेरीच्या ऑफिसला निघते, त्याच सुमारास जवळच्या वस्तीतून दुसरी महिला तिथे लादी-भांडी करायला येते. दोघीही नोकरदार. पण ‘महिलांसाठी’ म्हणून झालेले कायदे दोघींपर्यंत सारखे पोहोचत नाहीत.

संकल्पना कुठून आली?

अमेरिकेत जनरल मोटर्सविरुद्ध पाच कृष्णवर्णीय महिला न्यायालयात गेल्या. कंपनीने महिलांना नोकऱ्या दिल्या होत्या, म्हणून लिंगभेद नाही, असे न्यायालयाने १९७६ मध्ये म्हटले. नोकरी मिळालेल्या त्या महिला गोऱ्या होत्या. वंश आणि लिंग यांचा एकत्रित दावा मात्र न्यायालयाने मान्य केला नाही. कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये याच कोंडीला ‘इंटरसेक्शनॅलिटी’ हे नाव दिले. दोन रस्ते मिळतात त्या चौकात अपघात झाला, तर दोष एकाच रस्त्याला देता येत नाही, हा त्याचा साधा अर्थ.

महाराष्ट्राला हे नवे आहे का?

नाही. फुले दाम्पत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे हिने १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्परही नसते, हे तिने त्यात नोंदवले. स्त्री असणे आणि जात, दोन्ही एकाच वेळी भोगावे लागते, हे तिला दिसले होते. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांवरील ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तकही १९८९ चेच.

आजचा कायदा काय सांगतो?

बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या दुकाने-आस्थापनांना लागू होते. घर ही आस्थापना नाही, त्यामुळे घरकामगार बाळंतपणासाठी घरी बसली की पगार बंद. राज्याने घरकामगार कल्याण मंडळासाठी २००८ मध्ये कायदा केला. पण मंडळाची मदत म्हणजे पगारी रजा नव्हे.

लैंगिक छळविरोधी २०१३ चा कायदा घरकामगारांना लागू आहे, पण वाट वेगळी आहे. ऑफिसमधील महिलेसाठी अंतर्गत समिती असते. घरकामगाराला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे लागते. तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास समिती ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवते. ज्या घरावर चूल अवलंबून आहे, त्याच घराविरुद्ध पोलीस ठाण्यात उभे राहण्याची हिंमत किती जणींना परवडेल?

मग करायचे काय?

याच कायद्यात शहरातील प्रत्येक वॉर्डासाठी तक्रार स्वीकारणारा नोडल अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. बोरिवलीच्या आर-मध्य, मुलुंडच्या टी किंवा घाटकोपरच्या एन वॉर्डातील सोसायट्यांनी त्याचे नाव आणि फोन नंबर गेटवर लावावा. आठवड्याची सुट्टी आणि बाळंतपणातील पगार आधीच ठरवायला सरकारी आदेशाचीही गरज नाही. ‘महिला’ या एका शब्दात सगळ्याजणी मावतात, असे मानून केलेला कायदा आधीच बऱ्या स्थितीत असलेल्या महिलेपाशीच थांबतो. दुसरी तिच्याच स्वयंपाकघरात असली, तरीही.