नागोबाचे दार

छत्रपती संभाजीनगरला राहणाऱ्याकडे दिवाळीत पाहुणे येतात ते फराळापेक्षा लेण्यांच्या ओढीने. मग यजमानाला वाटाड्याही व्हावे लागते. गेली वीस वर्षे मी हे काम इमानेइतबारे करीत आलो आहे. अजिंठ्याला पोहोचलो, की 'चला, चला' करीत मंडळींना चित्रांपुढे नेऊन उभे करायचे. खाली वळसा घेऊन वाहणारी वाघूर नदी परतताना, सवड उरली तर, बघायची!

गेल्या दिवाळीत आई बरोबर होती. सत्तरी ओलांडलेली. सोळाव्या लेण्याच्या पायथ्याशी, दाराच्या दोन्ही बाजूंना दगडी हत्ती गुडघे टेकून बसले आहेत. आतला जिना पाहून आई म्हणाली, "हत्तींचे गुडघेही माझ्यासारखेच दिसताहेत. मी यांच्यासोबत बसते. तुम्ही या जाऊन."

तासाभराने खाली आलो, तर आई दारातल्या नागराजापुढे हात जोडून उभी! वेटोळ्यावर ऐटीत बसलेला, मस्तकावर फणांचे छत्र. मी लगेच मास्तरकी सुरू केली, "आई, हे बौद्ध लेणे. पाचव्या शतकातले. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव, त्याने..."

"असू दे रे. नदीवरून वर येणाऱ्याला आधी हत्ती भेटतात, मग नाग. हत्ती पाण्यावर येणारे, नाग पाणी राखणारा. ज्याने मांडले, त्याने नीट मांडले."

मी गप्प झालो. लेण्याच्या भिंतीवरील वराहदेवाच्या शिलालेखात पाण्याच्या मोठ्या टाक्याचा आणि नागराजाच्या स्थानाचा उल्लेख आहे, हे मी वर्गात कितीदा सांगितले असेल! लेण्यांना जोडणारी आजची वाट अलीकडची. पूर्वी लेण्यांतून नदीवर उतरायला आपापले जिने होते. म्हणजे नदीवरून परतणारा भिक्षू या हत्तींमधून, या नागासमोरूनच वर जात असणार. सारे पाठ होते. उमगले मात्र नव्हते.

इतक्यात आमच्या धाकट्याने बिस्किटाच्या पुड्याचा कागद पायरीवर टाकला. वाऱ्याने तो नदीकडे सरकू लागला. आजीने नुसते नागाकडे बोट दाखवले. चिरंजीवांनी धावत जाऊन कागद उचलला, खिशात घातला आणि मला हळूच विचारले, "बाबा, नागोबाने पाहिले असेल का हो?"

"पाहिले असेल," मी म्हणालो. "पण उचललास, तेही पाहिले असेल."

यंदाचे पाहुणे पुण्याहून यायचे आहेत. त्यांना मी आधी नदीवर नेणार आहे.