घड्याळ विकावे, रांग विकू नये

स्वित्झर्लंडच्या रोलेक्स कंपनीने १९६३ साली मोटार शर्यतीच्या चालकांसाठी एक मनगटी घड्याळ बाजारात आणले. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील शर्यतीच्या मार्गावरून त्याला पुढे ‘डेटोना’ हे नाव पडले. हा क्रोनोग्राफ आहे, म्हणजे घड्याळातच स्टॉपवॉच बसवलेले असते. गाडीने मैलाची खूण ओलांडताच बटण दाबावे, पुढच्या मैलाला पुन्हा दाबावे. मध्ये तीस सेकंद गेले, तर काटा काचेभोवतीच्या कडीवर १२० हा आकडा दाखवतो. वेग ताशी १२० मैल! यात बॅटरी नाही. सारे काम स्प्रिंग आणि दातेरी चाके करतात. अशा कारागिरीला चांगला दाम मिळावा, याबद्दल आमचे दुमत नाही.

आमचा प्रश्न वेगळा आहे. गिऱ्हाईक दाम कशाचा मोजतो? सुरुवातीच्या काळात या घड्याळाला फारशी मागणी नव्हती, किंमत काही शे डॉलर होती. अभिनेते आणि शर्यतपटू पॉल न्यूमन यांना त्यांच्या पत्नीने असेच एक घड्याळ भेट दिले होते. ते २०१७ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरवर गेले. नामवंताच्या वस्तूसाठी कोणी काय द्यावे, हा ज्याच्या त्याच्या हौसेचा भाग झाला.

पण हे वारे नव्या घड्याळांनाही लागले. दुकानात नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबायचे आणि हाती आलेले घड्याळ बाहेर चढ्या भावाने विकायचे, हा एक धंदाच झाला. २०२२ च्या आरंभी हे भाव शिखरावर गेले आणि नंतर घसरले. ज्यांनी शिखरावर खरेदी केली, त्यांच्या घड्याळाचे काटे पूर्वीसारखेच फिरत राहिले, पैसा मात्र आटला.

आपल्याकडच्या जुन्या वाचकांना हे नवे वाटणार नाही. परवाना-पद्धतीच्या काळात पुण्याजवळ आकुर्डीला बनणाऱ्या बजाज स्कूटरसाठी लोक कित्येक वर्षे नंबर लावून बसत आणि मिळालेली गाडी ‘ऑन’ घेऊन विकत. उत्पादन वाढले, रांग सरली आणि ‘ऑन’ही गेला. तो पैसा स्कूटरचा नव्हताच, रांगेचा होता.

दर्जा न घटवता उत्पादन एकदम वाढवता येत नाही, असे रोलेक्सने २०२१ मध्ये सांगितले होते. ते मान्य करू. पण माल थोडा असेल तेव्हाच विक्रेत्याच्या सचोटीची परीक्षा होते. नोंदणी तारखेच्या क्रमाने व्हावी. किती थांबावे लागेल, ते गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे. एक वस्तू हवी असणाऱ्याच्या गळ्यात आधी दुसऱ्या चार वस्तू मारू नयेत. हा नियम घड्याळाला लागू आहे, तसाच सिमेंटला, खताला आणि गॅस सिलिंडरलाही.

खरेदीदारांनाही आमचे सांगणे आहे. ऐपत असेल आणि यंत्राची आवड असेल, तर घड्याळ मनगटावर बांधण्यासाठी घ्यावे. उद्या कोणीतरी जास्त देईल या भरवशावर घेतले, तर तो सट्टा झाला. सट्ट्यात शेवटचा गिऱ्हाईक नेहमी बुडतो.